ओस्टरहाउसला पाडायचं

१६ ऑगस्ट, मंगळवार

आज दिवसभर त्याची गाडी चालवली. एकशे ऐंशी मैल, तीन गावं, एक जत्रा. तो मागच्या सीटवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता आणि टरफलं कागदी कपात टाकत होता. एकही खाली सांडलं नाही. सांडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

ग्रँट ओस्टरहाउस. नाव लिहिताना पेन आपोआप दाबलं जातं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्याचा सरकारी वकील होता. आता सगळ्या राज्याचा व्हायचंय त्याला, अ‍ॅटर्नी जनरल. आठ नोव्हेंबरला मतदान. त्याच्या प्रचाराला ड्रायव्हर हवा होता, बिनपगारी. मी शाळेची बस एकोणतीस वर्षं चालवली, एकदाही कुठे घासली नाही. अर्जात माहेरचं आडनाव लिहिलं. व्हर्ला ट्वाइट. जोडी लिंडक्विस्ट म्हणून त्याची प्रचारप्रमुख आहे, तिने माझा अर्ज वाचला आणि म्हणाली, "देवासारख्या आलात, बाई. आमचे साहेब गाडी चालवायला लागले की खड्डा चुकवत नाहीत, शोधतात."

त्याने मला ओळखलं नाही. नऊ वर्षांत माझे केस पांढरे झाले, अंगावरचं मांसही उतरलं. तरी ओळखायला हवं होतं. माणसाचं आयुष्य चुलीत घालायचं आणि चेहराही लक्षात ठेवायचा नाही?

त्याला पाडायचं. कसं ते अजून ठाऊक नाही. पण जो माणूस दिवसभर माझ्या पाठीमागे बसून फोनवर बोलणार आहे, तो कधीतरी चुकणारच. जे ऐकेन ते इथे लिहून ठेवणार.

२० ऑगस्ट, शनिवार

डेनीला भेटून आले. तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत नवीन टेबलं आली आहेत, जमिनीला खिळलेली. एकतिसाव्या वर्षी माझ्या मुलाच्या कानशिलावर पांढरे केस. डिसेंबरात पॅरोल मंडळापुढे त्याची सुनावणी आहे, मुदतीआधी सुटकेची, पहिलीच.

तो म्हणाला, "आई, मंडळाच्या अर्जात मी काय लिहिलंय ते तुला सांगायचंय."

"अर्जाचं तुझी वकील बघेल."

"नाही, ऐक तरी. त्या रात्री..."

"त्या रात्रीबद्दल इथे बोलायचं नाही," मी म्हटलं. "भिंतींना कान असतात." मग मी त्याला बॉब काकांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. लहानपणापासून ऐकून घेणारा मुलगा.

ओस्टरहाउसची गाडी चालवते हे सांगितलं नाही. निवडणुकीचा निकाल लागला की सांगेन. तीच त्याला माझी भेट.

२९ ऑगस्ट, सोमवार

खटल्याचं एकदा नीट लिहून ठेवते.

जुलैमधली रात्र. काउंटी रोड नऊवर एक मुलगी सायकलवरून घरी चालली होती, तिला गाडीने उडवलं, ती जागीच गेली. गाडी आमची होती. पण डेनी नऊ वाजल्यापासून माझ्यासोबत घरी सोफ्यावर बसून बेसबॉल पाहत होता. मी बायबलवर हात ठेवून तसं सांगितलं. गाडीची किल्ली व्हरांड्यात खिळ्याला असायची, सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोणीही नेली असेल.

खटल्याआधी ओस्टरहाउसने सौदा देऊ केला होता. गुन्हा कबूल करा, सहा वर्षं. डेनी बावीस वर्षांचा, रडवेला झाला होता, सही करायला निघाला होता. मीच त्याचा हात धरला. म्हटलं, निर्दोष माणूस सौदा करत नाही. मी साक्ष देते, बघू कोण काय करतं.

आणि मग ओस्टरहाउस ज्युरीसमोर उभा राहिला. आवाजही चढवला नाही. म्हणाला, "आईचं प्रेम आपण सगळेच समजू शकतो. पण मिसेस हॉफस्टाड तुमच्याशी खोटं बोलल्या, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे." अख्खं गाव बाकांवर बसलं होतं. माझ्या बसमधली मुलं, त्यांचे आईबाप. सोमवारी बसमध्ये मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, "मिसेस हॉफस्टाड, आत्ता किती वाजले हो?" सगळी बस हसली. वर्ष संपायच्या आत मी नोकरी सोडली.

डेनीला अठरा वर्षं.

१० सप्टेंबर, शनिवार

आज प्रचाराची मिरवणूक होती. ट्रॅक्टर, बँड, चॉकलेटं. ओस्टरहाउस चालत होता आणि मी मागून गाडी पायी चालण्याच्या वेगाने. क्षणभर पाय ब्रेकवरून उचलावासा वाटला. लिहिलंच पाहिजे म्हणून लिहिते. उचलला नाही.

परत येताना त्याने विचारलं, "व्हर्लाबाई, मुलंबाळं?"

"एक मुलगा. लांब असतो."

"भेट होते?"

"दोन आठवड्यांनी एकदा."

यावर तो खिडकीतून मक्याकडे बघत बसला, पुढचे चाळीस मैल. हातातल्या बियाही तशाच राहिल्या. या माणसाला दुसऱ्याच्या मुलाबाळांचं ऐकायची सवय नसावी. विचारायचं म्हणून विचारायचं, झालं.

२२ सप्टेंबर, गुरुवार

आज ऐकलं. कान तृप्त झाले.

जोडी पुढे माझ्या शेजारी, तो मागे. तिला वाटतं ड्रायव्हरला कान नसतात.

जोडी म्हणाली, "साहेब, आपण पाच टक्क्यांनी पुढे आहोत. तुमच्या फलकावर काय लिहिलंय? 'गुन्हेगाराला गय नाही.' आणि तुम्ही एका कैद्याला सोडा म्हणून पत्र लिहिणार?"

"त्याची सुनावणी डिसेंबरात आहे. पत्र ऑक्टोबरच्या आत मंडळाकडे गेलं पाहिजे."

"पण आत्ताच का? इतकी वर्षं कुठे गेली होती ही माया?"

त्याने बियांचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "फाइल पुन्हा वाचली. पोरगा होता तो. गुन्हा त्याचाच, त्याबद्दल शंका नाही. पण सहा वर्षं पुरेशी आहेत असं मला आधी वाटत होतं ना? मग अठरा का मागितली? रागावलो होतो म्हणून. त्याच्यावरसुद्धा नाही."

"निवडणूक झाल्यावर लिहा."

"तेव्हा उशीर होईल. आणि तेव्हा मी लिहीन की नाही, सांगता येत नाही, जोडी. निवडून आलेल्या माणसाचा भरवसा नसतो."

जोडीने कपाळाला हात लावला.

सहा आणि अठरा, याला दुसरे आकडेच येत नसावेत. म्हणजे याला दया येते! कुठल्यातरी पोरासाठी फाइल काढून वाचतो, पत्र लिहितो. कोणा मोठ्या घरातलं असेल कार्टं, बापाने शब्द टाकला असेल. आणि माझा डेनी? माझ्या डेनीची फाइल कोण वाचणार? त्यालाही डिसेंबरातच मंडळापुढे उभं राहायचंय, एकट्याने.

आजपर्यंत याला पाडायचं होतं. आता गाडायचंय.

६ ऑक्टोबर, गुरुवार

आज त्याने मला एक जाड पाकीट दिलं. वर पॅरोल मंडळाचा पत्ता. म्हणाला, "व्हर्लाबाई, हे पोस्टात टाकाल? तुमच्या हातानं गेलं तर मला बरं वाटेल."

माझ्याकडे असा बघत होता की जणू बक्षीस देतोय. मी काय याची शिपाई आहे? पण घेतलं. फाडून नाल्यात टाकावंसं वाटलं होतं; पण ते गेलं नाही तर त्याच्याविरुद्ध काय राहील? टाकलं पेटीत.

तो तसाच उभा होता. "काही विचारायचंय का तुम्हाला?" म्हणाला.

"पेट्रोल भरायचंय," मी म्हटलं.

८ ऑक्टोबर, शनिवार

देव आहे. गाडी झाडताना सीटखाली एक कागद सापडला. पत्राचा कच्चा मसुदा, नुसतं दुसरं पान, लाल पेनाने खाडाखोड केलेलं. नाव नाही, नंबर नाही. पण शेवटच्या ओळी स्पष्ट: 'मी मागितलेली शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त होती. त्याची मुक्तता व्हावी अशी माझी शिफारस आहे.' खाली त्याची सही.

तीनदा वाचलं. डोळ्यात पाणी आलं. हे शब्द मला माझ्या मुलासाठी हवे होते.

११ ऑक्टोबर, मंगळवार

ओस्टरहाउसच्या विरोधात कॉलीन रॅडकी उभी आहे. तिच्या कचेरीतला व्हान्स मेकलेन मला महामार्गावरच्या पॅनकेकच्या दुकानात भेटला. तरुण, दात फार पांढरे. कागद वाचला आणि त्याने काटा खाली ठेवला.

"हे खरं आहे?"

"सही ओळखत नाही त्याची?"

"कैदी कोण?"

"ठाऊक नाही. कोण का असेना."

"ते आम्ही शोधू. मंडळाच्या डिसेंबरच्या यादीत त्याने चालवलेले खटले असून असून किती असणार? दोन, तीन." मग त्याने विचारलं, "बाई, तुम्ही हे का करताय?"

"त्याने माझ्या मुलाचं वाटोळं केलं."

"मुलाचं नाव काय?"

मी सांगितलं नाही. डेनीला यात ओढायचं नव्हतं.

पॅनकेक सगळे खाल्ले. कित्येक दिवसांनी अन्न गोड लागलं.

१५ ऑक्टोबर, शनिवार

डेनी आज वेगळा दिसत होता. दाढी केलेली, शर्टाची कॉलर सरळ. "आई, वकीलबाई म्हणतात यंदा आशा आहे. कोणीतरी माझ्या बाजूने लिहिलंय. कोणी ते मी आत्ता बोलणार नाही, दृष्ट लागेल."

"तुझे पाद्री असतील."

तो हसला. "असू दे. तू फक्त डिसेंबरपर्यंत शांत राहा. कुठे भांडू नकोस, कोणाला पत्र लिहू नकोस. वचन दे."

मी दिलं. मी कुठे भांडतेय? मी गाडी चालवते.

२ नोव्हेंबर, बुधवार

काय लिहू. सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी एका हॉटेलात जेवायला थांबलो. ओस्टरहाउस, जोडी, मी. माझ्यासमोर टोमॅटोचं सूप होतं. भिंतीवरच्या टीव्हीवर रॅडकीची जाहिरात लागली. काळी पार्श्वभूमी, एका मुलीचा हसरा फोटो. कोणी बाई बोलत होती, "सतरा वर्षांच्या टेरी-लिन ब्रूग्मनला दारू पिऊन चिरडणाऱ्या माणसाला ग्रँट ओस्टरहाउस सोडून द्या म्हणतो." मग पडद्यावर दुसरं पान आलं, लाल खाडाखोडीसकट. आणि मग डेनी. अटकेच्या दिवशीचा फोटो, डोळे सुजलेले, बावीस वर्षांचा.

मला आधी वाटलं चूक झालीय. फोटो चुकलाय त्यांचा. मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, "हा तो नाही."

जोडी उठून उभी राहिली होती. ओस्टरहाउस टीव्हीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"चला, व्हर्लाबाई," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."

पहिल्यांदा मी मागे बसले. जोडी रडत होती आणि शिव्या देत होती. तो आरशात माझ्याकडे बघत बोलला.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी तुम्हाला, मिसेस हॉफस्टाड. मला वाटलं मुलासाठी शब्द टाकायला आलात आणि तोंडातून निघत नाही. रोज तुमची मान दिसायची समोर. शेवटी फाइल काढली." मग म्हणाला, "तुम्ही विचारलं असतंत तरी हेच केलं असतं. जरा आधी केलं असतं."

जोडी वळून म्हणाली, "साहेब, हे पान बाहेर गेलं कसं?"

"या पत्राला विरोध फक्त तू केला होतास, जोडी."

"मी? मी तुमचं घर जाळीन? आठ वर्षं तुमच्यासाठी राबले मी!"

 पुढच्या गावात तिने गाडी थांबवायला लावली आणि उतरली. बॅग घेऊन पेट्रोल पंपाच्या दिशेने चालत गेली.

मी तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं. 

९ नोव्हेंबर, बुधवार

पडला. चार हजार एकशे मतांनी.

मी त्यालाच मत दिलं. एक.

१३ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर त्याच्या घरी गेले. अंगणात पानं गोळा करत होता, जुना स्वेटर, कोपरावर भोक. मी फाटकातूनच सांगितलं, "पान मी दिलं. जोडीने नाही."

त्याने झाडणी भिंतीला टेकवली. "कोणासाठी लिहिलंय हे ठाऊक नव्हतं तुम्हाला."

"नव्हतं."

"मग का?"

"तुम्ही मला कोर्टात खोटारडी म्हणालात. सगळ्या गावासमोर."

"हो. म्हणालो." आणि मग तो तसाच शांतपणे म्हणाला, "खोटी साक्ष दिली म्हणून तुम्हालाही आत टाकता आलं असतं, बाई. कागद तयार होता. मी तो फाडला, कारण मग त्या पोराला भेटायला कोणी उरलं नसतं. पण तुमचा राग मी त्याच्यावर काढला. माझं तेवढं चुकलं."

त्याने झाडणी पुन्हा हातात घेतली. तो म्हणाला, "मी आज जोडीकडे जाऊन माफी मागतो. तुम्ही आता घरी जा." 'या' म्हणाला नाही.

त्याला रागवायला हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या.

१४ डिसेंबर, बुधवार

सुनावणी झाली. अर्ज फेटाळला. दोन वर्षांनी पुन्हा करा.

वकीलबाईंनी फोनवर सांगितलं. मुलीच्या आईने सप्टेंबरात मंडळाला कळवलं होतं की आपण विरोध करणार नाही, थकलो आता. पण जाहिरातीनंतर पत्रकार तिच्या दारात उभे राहिले, लेकीचा फोटो रोज टीव्हीवर. ती काल स्वतः आली आणि विरोध केला. ओस्टरहाउसही आला होता. त्याने पत्र स्वतः वाचून दाखवलं. पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

"आणि डेनीने?" मी विचारलं.

"त्याने अर्जात लिहिलं होतं तेच सांगितलं. गाडी मी चालवत होतो, सात बिअर प्यायलो होतो. तुम्हाला ठाऊक असेलच."

१७ डिसेंबर, शनिवार

त्याला सगळं सांगितलं. गाडी, आडनाव, दुसरं पान, पॅनकेक. काही गाळलं नाही.

डेनी टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होता. शेजारच्या टेबलावर कोणाची तरी छोटी मुलगी गाणं म्हणत होती, तिचं संपेपर्यंत तो थांबला.

"आई, त्या रात्री मी घरी नव्हतो."

"ठाऊक आहे."

"तुला आठवतंय तरी का? की तुला खरंच वाटतं आपण बेसबॉल बघत होतो?"

"साडेअकराला आलास. मी जागी होते. तू नळाखाली डोकं धरून उभा होतास आणि म्हणालास, आई, काहीतरी धडकलं."

नऊ वर्षांत हे मी कोणालाच बोलले नव्हते. या वहीलाही नाही.

"मी सही करणार होतो," तो म्हणाला. "सहा वर्षांची. तू साक्ष देते म्हणालीस. मग मी कबूल केलं असतं तर तू खोटी ठरली असतीस. म्हणून गप्प बसलो. पूर्ण खटला गप्प बसलो मी, आई."

"मला तुला वाचवायचं होतं."

"हो. आणि आत्ता?"

 रक्षकाने वेळ संपल्याचं सांगितलं. डेनी उठला, पण नेहमीसारखा मिठी मारायला वाकला नाही. मीच त्याच्या बाहीला हात लावला.

२४ डिसेंबर, शनिवार

नाताळ म्हणून एक आठवडा आधीच गेले. पुढची भेट खरं तर एकतीसला होती. रस्त्यावर बर्फ होता, दोनदा गाडी घसरली.

दारावरच्या रक्षकाने भेटायला येणाऱ्यांची यादी पाहिली. मग पुन्हा पाहिली. मला तो कित्येक वर्षं ओळखतो, त्याची मुलगी माझ्या बसमध्ये होती.

"मिसेस हॉफस्टाड, तुमचं नाव नाही."

"नीट बघा."

"बघितलं. त्याने सोमवारी स्वतः फॉर्म भरून काढलंय." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पुन्हा घालता येतं त्याला. कैद्याच्या मनावर असतं ते."

"किती दिवसांनी?"

"त्याला मुदत नसते, बाई."

बाहेर येऊन गाडीत बसले. काच बर्फाने झाकली होती, तरी वायपर लावला नाही. वाटलं रडू येईल. आलं नाही. उलट छातीत कुठेतरी एक जुनी, ओळखीची गोष्ट हलली, आणि ती ओस्टरहाउसवर नऊ वर्षं धरलेली तीच अढी आहे हे कळायला वेळ लागला नाही.

मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. माझाच मुलगा आहे.